शहराच्या वेबसाईटवर लोकांना काम सापडत नसेल तर सुरुवात खिडकीपासून करा, होमपेजपासून नाही

महानगरपालिका असो की नगरपरिषद, वेबसाईट सुधारायचं ठरलं की पहिली मीटिंग होते ती होमपेजवर कोणता फोटो घ्यायचा आणि वरची पट्टी निळी ठेवायची की भगवी यावर. सहा महिन्यांनी नवीन साईट चालू होते, दिसते पण छान, आणि जन्माचा दाखला पाहिजे असलेला माणूस मात्र तसाच झोन ऑफिसच्या (आपल्या भागातल्या पालिका ऑफिसच्या) गेटवर उभा राहून गार्डला विचारते, "भाऊ, दाखल्याचं कुठं आहे?" काहून होते असं? कारण कामाचा क्रम उलटा आहे. डिझाईन आधी, मजकूर नंतर आणि लोकांचे प्रश्न कधीच नाही.

मी विदर्भातल्या एका छोट्या शहराच्या साईटसाठी हे काम केलं तेव्हा आम्हीही हाच उलटा क्रम धरला होता आणि अर्धं काम परत करावं लागलं, म्हणून खाली टप्पे ज्या क्रमानं लिहिले त्याच क्रमानं करा. आयटी सेलमधले लोक, झोनचे कर्मचारी, कंत्राट घेतलेला डेव्हलपर, मदत करणारे कॉलेजचे पोरं, सगळ्यांनाच हे जमण्यासारखं आहे. उदाहरणं नागपूरची घेतली आहेत.

आधी तयारी

पहिले एक माणूस ठरवा. समिती नको, एकच माणूस, आणि तो असा पाहिजे की कर विभागाला किंवा आरोग्य विभागाला फोन करून "तुमच्या या फॉर्मला नेमके कोणते कागद लागतात" हे विचारू शकेल आणि समोरचा त्याला उत्तर देईल. डेव्हलपरला हे उत्तर कोणी देत नाही.

मग तीन गोष्टी गोळा करा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित केलेल्या सेवांची यादी, ज्यात प्रत्येक सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याची तो) आणि अपिलाचा अधिकारी लिहिलेला असतो. दुसरं, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली विभागांनी स्वतःहून जाहीर केलेली १७ मुद्द्यांची माहिती. आणि तिसरं म्हणजे तक्रार नोंदवही किंवा हेल्पलाईनचा मागच्या वर्षभराचा डेटा, जसा असेल तसा, एक्सेल नसेल तर रजिस्टरचे फोटो चालतात.

यासोबत आत्ताच्या साईटवरच्या सगळ्या पानांची एक शीट करा. पानाचा पत्ता, शीर्षक, कोणत्या विभागाचं, शेवटचा बदल कधी झाला आणि एक रिकामा रकाना: ठेवायचं, बदलायचं, काढायचं. तो रकाना आज भरू नका, टप्पा २ झाल्यावर भरायचा.

*सावधान:* ही यादी व्हायच्या आधी टेंडर काढू नका. यादीच नसली की कंत्राटात काम काय येते तर जुनीच पानं उचलून नव्या रंगात ठेवणं, आणि त्याचेच पैसे जातात.

टप्पा १: खिडकीवर दोन दिवस बसा

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच आहे आणि सगळ्यात जास्त फायदा पण इथंच आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहून राहिलो.

नागपुरात १० झोन आहेत. त्यातला एक जुन्या वस्तीतला घ्या, जसा गांधीबाग, आणि एक जिथं नवीन लेआउट वाढून राहिले अशा भागातला घ्या, कारण दोन्हीकडचे प्रश्न वेगळे असतात. जुन्या वस्तीत वाटणीचं घर, नाव बदल, पडकी भिंत. नवीन लेआउटमध्ये नळ, गडर (गटार) लाईन, रोड आणि प्लॉट नियमित करायचा. खिडकीच्या बाजूला खुर्ची टाका, वही घ्या आणि माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दात लिहा. सुधारून लिहू नका. "मालमत्ता हस्तांतरण" असं कोणी बोलत नाही हो. लोक असे बोलतात:

"घर बाबांच्या नावानं आहे, बाबा वारले, आता टॅक्स माझ्या नावानं करायचा आहे."
"पोराच्या दाखल्यात नावच नाही, नुसतं 'मुलगा' आहे."
"गडर चोक झाली, घरात उलटं पाणी येऊन राहिलं."
"चार दिवस झाले नळ नाही, टँकर कोणाला सांगू?"
"लग्नाचं सर्टिफिकेट पाहिजे, लग्न झालं भंडाऱ्याला."

प्रत्येक ओळीपुढं एक खूण करा: हा माणूस आज काम करून गेला की परत गेला? परत गेला तर कशासाठी? कोणता कागद राहिला? हा रकाना म्हणजे तुमच्या साईटचा अर्धा मजकूर आहे.

मग बाहेर या आणि झेरॉक्सच्या दुकानात अर्धा तास बसा. ऑफिससमोरच्या झेरॉक्सवाल्याला माहीत असते की लोक कोणता कागद विसरतात, कोणता फॉर्म चुकीचा भरतात, कोणता फॉर्म मागच्या वर्षी बदलला. गेटवरच्या गार्डलाही विचारा की दिवसभर कोणता प्रश्न सगळ्यात जास्त येतो. या दोघांना आजपर्यंत कोणत्याच मीटिंगला बोलावलेलं नसते आणि त्यांच्याइतकी माहिती कोणाला नसते.

दिवस निवडताना हंगाम पहा. मार्चच्या शेवटी खिडकीवर टॅक्सच टॅक्स दिसेल. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याच्या आधी जन्म दाखल्याची गर्दी. एप्रिल-मेमध्ये पाणी. एकच दिवस बसून आलात तर त्या हंगामाचाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो, म्हणून बाकीच्या महिन्यांसाठी तक्रार रजिस्टर वाचायचं.

*तपासा:* नवीन प्रकारचा प्रश्न यायचा थांबला का? तेच ते प्रश्न परत येऊन राहिले असतील तर पुरे, नाही तर आणखी एक दिवस बसा.

टप्पा २: हे काम नेमकं कोणाचं, ते वेगळं करा

वहीतले प्रश्न वाचायला घेतले की लक्षात येते की बरेचसे महापालिकेचे नाहीतच. आणि लोकांची यात काही चूक नाही. नागपुरात नागपूर सुधार प्रन्यास १९३६ पासून आहे, महापालिका १९५१ पासून, हद्दीबाहेर एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), पाणीपुरवठ्याचं रोजचं काम ऑरेंज सिटी वॉटर कंपनीकडे, वीज महावितरणकडे. घरात राहणाऱ्या माणसाला या सगळ्या हद्दी पाठ कशा असतील?

म्हणून "हे काम कोणाचं?" असं एक साधं पान बनवा. उदाहरणार्थ:

- घरटॅक्स, जन्म-मृत्यू दाखला, कचरा, गडर, लग्न नोंदणी: महापालिका, आपला झोन
- गुंठेवारीतला (बिनमंजुरी लेआउटमधला) प्लॉट, सुधार प्रन्यासच्या लेआउटची कागदपत्रं: नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास
- आखिव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड): नगर भूमापन कार्यालय
- उत्पन्नाचा, जातीचा दाखला: तहसील, सेतू किंवा आपले सरकार पोर्टल
- घरातली लाईट गेली: महावितरण
- लायसन्स, गाडी: आरटीओ

इथं एक मोठी चूक होते. "हे आमच्याकडे येत नाही" असं लिहून विषय संपवतात. लोक तेच काम शोधत तुमच्या साईटवर येणारच, मग त्यांना पुढचा पत्ता द्या. तिकडच्या साईटचं नुसतं होमपेज जोडू नका, नेमकं त्या कामाचं पान जोडा. आणि मधल्या सीमा जिथं धूसर आहेत तिथं दोन्ही ऑफिसला विचारून लेखी घ्या, आपल्या मनानं ठरवू नका, कारण चुकीच्या ऑफिसला पाठवलेल्या माणसाचा रोजीचा एक दिवस जाते.

आता तयारीतल्या शीटचा तो रिकामा रकाना भरा. कोणत्याच प्रश्नाला उत्तर न देणारं पान पहिल्या पानावरून काढा. टेंडर, सभेची इतिवृत्तं, कायद्यानं जाहीर करायची माहिती हे सगळं साईटवर राहिलं पाहिजे, पण त्याला स्वतंत्र जागा द्या, दाखल्याच्या रस्त्यात ठेवू नका.

टप्पा ३: एक काम, एक पान

विभागवार मेनू म्हणजे ऑफिसचा नकाशा झाला. माणसाला आपलं काम कोणत्या विभागात येते हे माहीत नसते, आणि ते माहीत असायची गरजही नाही. म्हणून "आरोग्य विभाग" च्या आत "जन्म-मृत्यू कक्ष" च्या आत "नमुने" असं नको. "जन्माचा दाखला काढणे" हे एक पान, आणि त्यावर याच क्रमानं: हे पान कोणासाठी, कोणते कागद, किती पैसे, कुठं किंवा ऑनलाईन कसं, किती दिवसात, नाही मिळालं तर काय.

जन्म दाखलाच घेऊ, कारण यात चुका सगळ्यात जास्त होतात. पानावर सगळ्यात वर हे वाक्य पाहिजे: जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते, राहता तिथं नाही. नागपुरासाठी हे वाक्य फार कामाचं आहे. मेडिकल, मेयो, डागा या सरकारी दवाखान्यांत आणि इतक्या खाजगी दवाखान्यांत गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून ते मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाटपर्यंतच्या बाया बाळंतपणाला येतात. बाळ नागपूरच्या दवाखान्यात झालं आणि आईबाप गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून राहिले, असं होते. म्हणून या पानाची हिंदी आवृत्ती पण पहिल्या दिवसापासून पाहिजे.

त्याखाली मुदती सरळ लिहा:

- २१ दिवसांच्या आत नोंद: फी नाही. दवाखान्यात जन्म झाला तर कळवायचं काम दवाखान्याचं.
- २१ ते ३० दिवस: विलंब शुल्क.
- ३० दिवस ते १ वर्ष: लेखी परवानगी लागते.
- १ वर्षानंतर: दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.
- नोंद आहे पण बाळाचं नाव नाही: १२ महिन्यांपर्यंत फी न देता नाव टाकता येते, पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

आणि एक ओळ ही पण: १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेश, लायसन्स, मतदार यादी अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागतो. आईबापांना हे आधी कळलं तर ते नाव टाकायचं काम शाळेच्या प्रवेशापर्यंत ढकलत नाहीत.

शेवटी मुदतीत काम झालं नाही तर प्रथम अपील कोणाकडे, द्वितीय अपील कोणाकडे, पदनामासहित. लोकसेवा हक्क कायद्यानं हे जाहीर करणं बंधनकारकच आहे, पण बहुतेक वेळा एका वेगळ्या मोठ्या तक्त्यात टाकून देतात आणि तिथपर्यंत कोणी पोचत नाही. ज्या कामाचं अपील, त्याच पानावर लिहा.

*सावधान:* "आवश्यक कागदपत्रे" असं नुसतं लिहू नका. मूळ की झेरॉक्स, किती प्रती, आधार कोणाचं (आईचं, बापाचं की दोघांचं), सही कुठं, हे सगळं. टप्पा १ मध्ये लोक ज्या कागदासाठी परत गेले तो कागद इथं ठळक करा.

टप्पा ४: नाव तेच द्या जे लोक शोधतात

पानाचं शीर्षक लोकांच्या शब्दात आणि सरकारी शब्द पहिल्या ओळीत. "घरटॅक्स भरणे" हे शीर्षक आणि खाली "मालमत्ता कर, घरपट्टी". याचा फायदा गुगलवरही होतो आणि हातात नोटीस घेऊन आलेल्या माणसालाही, कारण नोटिशीवर सरकारी शब्दच असते.

साईटच्या सर्चला जोडशब्दांची, म्हणजे एकाच कामासाठी लोक वापरतात त्या वेगवेगळ्या शब्दांची, यादी द्यावी लागते. सुरुवात अशी करा: घरटॅक्स = घरपट्टी = मालमत्ता कर = प्रॉपर्टी टॅक्स. गडर = गटार = मलवाहिनी = सिवर. नळ = नळजोडणी = नळ कनेक्शन = पाणीपट्टी. कचरागाडी = घंटागाडी. नाव चढवणे = नामांतर = म्युटेशन. मोकाट कुत्रे = भटके कुत्रे. टप्पा १ ची वही उघडली की ही यादी तासाभरात होते. त्यात रोमन अक्षरात टाईप केलेली मराठी पण घाला, कारण खूप लोक मोबाईलवर तसंच टाईप करतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी सापडलं पाहिजे, पाणीपट्टी, पाणी पट्टी, पाणिपट्टी तिन्ही.

झोनचंही असंच. ३८ प्रभागांपैकी आपला कोणता हे फार कमी लोकांना माहीत असते, पण मोहल्ला सगळ्यांना माहीत असते. म्हणून "तुमचा झोन नंबर निवडा" असा ड्रॉपडाऊन नको. मानेवाडा, जरीपटका, नंदनवन, प्रतापनगर असं टाईप केलं की झोन, ऑफिसचा पत्ता आणि वेळ समोर यावी. एक मोहल्ला दोन झोनमध्ये पडत असेल तर रस्ता किंवा चौक विचारा. ही यादी कर विभागाच्या वसुलीच्या नोंदीवरून बनवा, अंदाजानं नाही.

*तपासा:* वहीतले २० प्रश्न जसेच्या तसे सर्चमध्ये टाका. पहिल्या तीन उत्तरांत बरोबर पान आलं का?

टप्पा ५: जुना फॉन्ट आणि स्कॅन पीडीएफ

ऑफिसमध्ये आजही बरंच टायपिंग कृतीदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होते. कागदावर ते मराठी दिसते, कॉम्प्युटरसाठी ती इंग्रजी अक्षरंच असतात, म्हणून ना सर्चमध्ये सापडते, ना मोबाईलवर वाचता येते, ना अंध माणसाचा स्क्रीन रीडर ते बोलू शकते.

ओळखायची सोपी टेस्ट: पीडीएफमधला एक शब्द सिलेक्ट करा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी आलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ आला तर जुना फॉन्ट. सिलेक्टच नाही झालं तर तो फोटो आहे.

जुन्या फॉन्टचं कन्व्हर्टरनं युनिकोड (कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणारं टायपिंग) करता येते, पण नंतर माणसानं वाचलंच पाहिजे. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इथं हमखास सरकतात, आणि माणसांच्या नावात किंवा फीच्या आकड्यात चूक राहिली तर महागात पडते. मराठी आकडे की इंग्रजी आकडे हे एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. फॉर्म सोडून बाकी मजकूर शक्यतो पीडीएफमध्ये ठेवूच नका, पानावर लिहा.

टप्पा ६: मोबाईल, ऊन आणि कमजोर नेटवर्क

आता कुठं डिझाईन. केंद्र सरकारची सरकारी वेबसाईटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात ४.५ ला १ इतका तरी फरक पाहिजे हा नियम आहे. नागपुरात याची परीक्षा सोपी आहे: मेमध्ये दुपारी झोन ऑफिसबाहेर उन्हात उभे राहून पान वाचा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं एसीच्या खोलीत छान दिसतात, ४५ डिग्रीच्या उन्हात स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

सरकत्या पट्ट्या आणि फिरते फोटो काढा. वाचेपर्यंत ओळ निघून जाते, आणि फोटो लोड होईपर्यंत कमजोर नेटवर्कवाला माणूस पान बंद करून मोकळा होते.

आपत्तीसाठी एक वेगळं, फोटो नसलेलं, अगदी हलकं पान तयार ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, लोक अंधारात मोबाईल घेऊन घराच्या वरच्या मजल्यावर उभे होते. अशा वेळी पाहिजे काय असते? कंट्रोल रूमचा नंबर, ११२, अग्निशमनचा १०१, निवारा कुठं, कोणता रस्ता बंद. बस. नंबर असे टाका की बोट लावलं की फोन लागला पाहिजे, फोटोतला नंबर कामाचा नाही.

टप्पा ७: लोकांना वापरायला द्या आणि गप्प बसा

पाच-सहा लोक घ्या, ऑफिसच्या बाहेरचे. एखादी आजी, एखादा ऑटोवाले भाऊ, नवीन राहायला आलेलं जोडपं, हिंदी बोलणारं कोणी, जाड चष्मा असलेलं कोणी. त्यांचाच मोबाईल. काम सांगताना पानावरचा शब्द वापरू नका. "नामांतराचं पान शोधा" म्हटलं तर ते शब्द जुळवून शोधतील. "तुमचे वडील वारले, घर तुमच्या नावानं करायचं, काय कराल?" असं विचारा.

मग बोलू नका. हे खूप अवघड जाते, माणूस चुकीकडे चालला की हात पुढं होते, पण घरी तुम्ही नसणार ना. कुठं अडकला, कोणता शब्द वाचून थांबला, ते लिहा. दोन माणसं एकाच जागी अडकली तर ते पान दुरुस्त करा आणि परत नवीन माणसाला द्या. चार-सहा दिवस लागतात, पण हा टप्पा सोडून साईट चालू करू नका.

टप्पा ८: चालू करताना जुने पत्ते मोडू नका

जुन्या पानांचे पत्ते नोटिशींवर छापलेले असतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतात, झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर सेव्ह असतात. तयारीतली शीट काढा आणि प्रत्येक जुना पत्ता त्याच कामाच्या नवीन पानाकडे कायमचा वळवा. सगळं सरसकट होमपेजला वळवणं ही नेहमीची चूक आहे. चालू करायला मार्च आणि जून टाळा, टॅक्स आणि शाळा, दोन्ही वेळेस लोकांना चुकांसाठी वेळ नसते.

*तपासा:* सगळ्यात जास्त पाहिली जाणारी ५० जुनी पानं हातानं उघडून बघा, कुठं पोचतात ते.

टप्पा ९: प्रत्येक पानाला एक मालक

प्रत्येक पानाखाली शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख आणि जबाबदार पदनाम लिहा. माणसाचं नाव नको, बदल्या होतात आणि मग गेलेल्या साहेबांच्या नावानं लोक फोन करून राहतात. कॅलेंडर लावून घ्या: १ एप्रिलला दर आणि फी, मेमध्ये टँकर आणि दाखले, पावसाच्या आधी आपत्तीचं पान, गणपतीच्या आधी कृत्रिम टाक्यांची जागा, मार्चच्या आधी टॅक्स.

आणि दर सोमवारी अर्धा तास सर्चची यादी वाचा, म्हणजे लोकांनी काय शोधलं आणि काहीच मिळालं नाही ती. तिथं नवीन शब्द दिसला की जोडशब्दांत घाला, नवीन काम दिसलं की पान लिहा, आणि काय आहे तेच कळलं नाही तर त्या झोनच्या खिडकीवर फोन करून विचारा, त्यांना माहीत असते.